ग्रेडरची गाडी

वाईहून मारेगावला हिंडायला कोणी जात नाही. मी गेले ती धाकट्या भावाची खोली रिकामी करायला आणि त्याची गाडी विकायला. परत आल्यावर ओळखीच्या बायका विचारू लागल्या की तिकडे पाहण्यासारखं काय आहे. त्यांना तोंडी नीट सांगता आलं नाही, म्हणून हे लिहीत आहे. लिहायला मला वेळ लागतो. आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात गेलं, दुसऱ्यांचं लिहिलेलं जागेवर लावण्यात.

अरविंद कापसाचा ग्रेडर होता. खरेदी केंद्रावर कापसाची बैलगाडी उभी राहिली की तिच्यात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला कापूस बाहेर ओढायचा, धागा ताणून बघायचा, ओल आहे का ते बघायचं आणि प्रत ठरवायची. प्रत एक पायरी खाली गेली की भाव खाली. त्या वर्षांत कापसाचा भाव आधीच इतका पडला होता की ग्रेडरचा शब्द माणसांच्या जिव्हारी लागायचा. ग्रेडर खातात, असं सगळे धरूनच चालत.

मरणाच्या दोन वर्षं आधी त्याने एका जिनिंगवाल्याची, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या गिरणीच्या मालकाची, जुनी मोटार घेतली. ती त्याने घेतली नाही, त्याला ती मिळाली, असं लोक बोलू लागले. व्यापाऱ्यांचा ओला माल वरच्या प्रतीत घातल्याबद्दल मिळाली, असं. हे बोलणं त्याच्या बायकोपर्यंत, सुनंदापर्यंत, अमरावतीला पोचलं. ती मुलींच्या शाळेसाठी तिथे राहायची. तिने एकदा विचारलं, तो म्हणाला, विकत घेतली. त्यापुढे एक शब्द नाही. पावसाळ्यात तो मारेगावच्या खोलीवर झोपेतच गेला. दिवाळीनंतर सुनंदा मला म्हणाली, "ताई, सामान तेवढं आणा. गाडी तिकडेच विकून टाका. माझ्या दारात ती नको."

अरविंद लहानपणी कसा होता ते मला माहीत होतं. पन्नाशीत तो कसा झाला होता ते माहीत नव्हतं.

मारेगाव

आमच्याकडे डोंगर नजरेसमोर उभा असतो, त्यामुळे नजर कुठे थांबवायची हा प्रश्न येत नाही. इथे जमीन काळी आणि सपाट, आणि पौषातल्या उन्हात तिच्यावर पांढरे ठिपके. शेवटची वेचणी चालू होती. बाया कमरेला ओटी बांधून वाकलेल्या दिसत. बस थांबली की तुरीच्या उकडलेल्या शेंगा घेऊन पोरी खिडकीशी येत. मीठ घालून उकडलेल्या त्या शेंगा मी पहिल्यांदा खाल्ल्या, आणि मग प्रत्येक थांब्यावर घेतल्या.

अरविंदचे घरमालक मडावी गुरुजी निवृत्त शिक्षक होते. त्यांच्या पत्नीने मला वांग्याचं भरीत आणि भाकरी वाढली. भरितात कच्चा कांदा, हिरवी मिरची आणि मूठभर सांभार. सांभार म्हणजे आपली कोथिंबीर, हे मला ताट समोर आल्यावर कळलं. आमच्याकडे तेराव्यानंतर भेटायला येणारा माणूस आधी गेलेल्याच्या गोष्टी काढतो. इथे मला आधी पोटभर जेवू घातलं आणि अरविंदचं नाव हात धुवून झाल्यावर निघालं. त्या उशिराचाही मी अर्थ लावत बसले. यांना काही माहीत आहे आणि सांगायचं नाही, असं मला वाटलं.

गाडी कडुलिंबाखाली उभी होती. मळकट पिवळसर, मागच्या काचेवर कोंबड्यांची विष्ठा. गुरुजी म्हणाले की शेवटचा अख्खा हंगाम साहेब बसनेच जायचे. का, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"लाजत असतीन," गुरुजींच्या पत्नी आतून म्हणाल्या. गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि विषय बदलला.

गाडी पांढरकवड्याला नेऊन विकायची ठरली. तिथे गिऱ्हाईक आहे असं गजानन म्हणाला. गजानन गुरुजींच्या ओळखीचा, एरवी काळी-पिवळी जीप चालवणारा. तिशीतला, केसांना तेल लावून मागे वळवलेले. त्याने मजुरीबद्दल घासाघीस केली नाही, हे मला खटकलं. आमच्या वाईत घासाघीस न करणारा माणूस आधी कुठेतरी आपलं काढून घेऊन बसलेला असतो.

करंजीच्या अलीकडे

सकाळी निघालो. अरविंदचं सामान मागच्या सीटवर होतं. दोन ट्रंका, एक गादी, स्टोव्ह. बाजाराच्या दिशेने कापसाच्या बैलगाड्या एकामागे एक चालल्या होत्या. गाडीवान वर, कापसाच्या ढिगावर झोपलेले; बैलांना रस्ता पाठ होता.

निघाल्यापासून मागून एक आवाज येत होता. कोणीतरी दूर शिट्टी वाजवत असल्यासारखा, वेग वाढला की चढणारा, गजाननने पाय काढला की उतरणारा. मी विचारलं. गजानन म्हणाला, "जुनी गाडी हाय बाई, थोडं तं गाणारच." पुढे त्या शिट्टीत खरखर मिसळली. मग एका पुलाच्या चढावर सीटखालून मोठा आवाज झाला, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा, आणि गाडी थांबली. इंजिन चालू होतं. गजाननने गिअर घातला, पाय दाबला. इंजिन ओरडलं, गाडी जागची हलली नाही.

"डिफ्रेन्शियल गेलं," तो म्हणाला. मागच्या दोन चाकांच्या मधे जो लोखंडी गोळा असतो, त्यातले दात इंजिनाचं बळ चाकांकडे वळवतात. ते दात तुटले होते.

मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. त्याला फारसं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. एका ट्रकवाल्याने दोर बांधून आम्हाला पांढरकवड्यापर्यंत ओढत नेलं. गजाननने कुठल्या गॅरेजला जायचं ते विचारलं नाही. त्याला ते ठाऊक होतं.

पांढरकवडा

हे गाव हैदराबादच्या हमरस्त्यावर आहे आणि त्याचा निम्मा जीव ट्रकांवर चालतो. धाबे, टायरची दुकानं, ग्रीसने काळी झालेली जमीन. मागे जंगलाची निळी रेघ. सकाळी तिथे तर्रीपोहे मिळतात, म्हणजे पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं पडतं. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. कुणी पाहिलं तर कारण सांगायला बरं, म्हणून मी रोज तेच खाल्लं.

गिऱ्हाईक दुपारी येऊन गाडी बघून गेलं. चालती करा, मग बोलू, म्हणालं. म्हणजे विकायची तरी आधी दुरुस्त करायला हवी होती.

गॅरेजचा मालक सुखदेव मिस्त्री. मोठ्या आवाजाचा, पोट सुटलेला, स्वतःवर फार खूश असलेला माणूस. डोळे मिटून फक्त आवाजावरून कुठल्या गाडीचं काय बिघडलं ते सांगतो, असं त्याने पहिल्या भेटीतच तीनदा ऐकवलं. त्याने आमची गाडी बाहेरून पाहिली, नंबर पाहिला आणि विचारलं, "हे तं ग्रेडर सायबाची गाडी. तुमी कोन?"

मी बहीण असल्याचं सांगितलं. त्याने पुन्हा एकदा नंबर पाहिला. मग म्हणाला, "माह्या काकाचा कापूस खालच्या ग्रेडात पाडला होता सायबानं. सकाळपासून लाइनीत उभा, अन् हात घातला की म्हने वजनासाठी पानी मारलं."

"मारलं होतं का?"

"थोडंसं तं सारेच मारते," तो म्हणाला आणि गाडीखाली सरकला.

या माणसाच्या हाती गाडी द्यायला माझं मन घेईना. पण ओढत नेऊन दुसरीकडे द्यायची तर तो दुसराही याचाच कोणीतरी असणार. तेव्हा मी लोखंडी खुर्ची मागून घेतली आणि समोर बसले. ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक टाकायची पांढरी शाई असते, तशी बाटली माझ्या पिशवीत अजून असते. चाकं, आस, नळकांडं, जे जे सुटं होईल त्यावर मी क्रमांक टाकले. चांगला भाग काढून दुसऱ्याचा बसवला तर मला कळायला हवं.

"पाहा रे," सुखदेवने शेजारच्या पंक्चरवाल्याला हाक मारली, "बाई नटबोल्टाले रोल नंबर देऊन राह्यल्या. उद्या हजेरी घेतीन."

गजानन हसला. मी हसले नाही. एवढं मात्र खरं, की मी इतक्या जवळून पाहत बसले नसते तर पुढचं मला दिसलं नसतं.

त्या लोखंडी गोळ्यावर चिखल आणि तेलाचा थर होता. सुखदेवने तो खरवडला. खाली पिवळसर रंग निघाला, गाडीचाच. नटांवरही तोच रंग होता, नट आणि पत्रा यांच्या फटीत बसलेला. त्याने पाना लावून जोर केला तेव्हा रंगाला तडा गेला आणि पापुद्रे माझ्या चपलेशी पडले. प्रत्येक नटाला तसंच. ते नट रंग दिल्यापासून कोणी फिरवलेले नव्हते.

गोळा उघडल्यावर त्याने आत बोटं घातली आणि थांबला. मग मुठीने काहीतरी बाहेर काढलं. काळं, चिवट, ग्रीसमध्ये मळलेलं. मला वाटलं उंदराचं घर. त्याने एक चिमूट रॉकेलच्या डब्यात बुडवून चोळली, पिळली, पुन्हा चोळली. बोटांत करडा, मग जवळजवळ पांढरा पुंजका उरला. त्यात सरकीचं फुटकं टरफल अडकलं होतं.

सुखदेव आधी नुसता बघत राहिला. मग तो हसू लागला, पोट धरून. पंक्चरवाला आला, चहावाला आला.

"साऱ्या तालुक्याच्या गाड्याइत हात घालून पाह्यला या मानसानं," तो त्यांना सांगू लागला. "त्याले जिनवाल्यानं कापूसच भरून गाडी देल्ली. अन् सायबाले समजलं नाई."

मी विचारलं, हे कशासाठी भरतात. हसू आवरत त्याने सांगितलं. दात झिजले की आवाज येतो. गिऱ्हाईक एक चक्कर मारतं, आवाज ऐकतं आणि निघून जातं. म्हणून घट्ट ग्रीसमध्ये लाकडाचा भुसा कालवून आत भरतात. आवाज दबतो, काही महिने गाडी गुपचूप चालते. जिनिंगमध्ये भुसा कुठला, तिथे सरकी काढल्यावर उरलेला कचरा पडलेला. तोच भरला. त्यात तेल मुरलं, दातांना मिळालं नाही आणि दात अजूनच लवकर खलास झाले.

माझ्या मनात सगळ्यात आधी आलं की हे यानेच आत्ता घातलं असेल. मग गजाननचं नाव आलं, मग कडुलिंबाखालच्या महिन्यांमध्ये येणाऱ्याजाणाऱ्याचं. पण रंगाचे पापुद्रे माझ्या पायाशी होते. ते खोटे कसे ठरवायचे ते मला सुचेना.

"म्हणजे हे विकताना करतात," मी म्हटलं.

"हाव. विकतानीच."

"आणि कोणाला अशीच द्यायची असली तर?"

"अशीच म्हंजे?"

"भेट म्हणून. काही न घेता."

सुखदेवने हात पुसायला घेतलेलं फडकं तसंच धरून ठेवलं. चहावाला माझ्याकडे पाहू लागला.

"भेटीच्या गाडीत कोन कायले एवढी मेहनत करन," सुखदेव म्हणाला. मग खाली बघून, पहिल्यापेक्षा हळू, "विकलीच असन मंग."

पंक्चरवाला उठून आपल्या दुकानात गेला. सुखदेव पुन्हा कामाला लागला. मग गाडीखालूनच, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मागच्या साली एक डाव आलते सायेब. गाडी घेऊन. इथं दोनतीन कास्तकार बसेल होते. त्याइले पाह्यलं अन् फाटकातूनच वापस गेले. मले वाटलं, तोंड दाखवाले लाजते."

मी त्या फाटकाकडे पाहिलं. आत कापूस आहे हे त्याला माहीत नसेल, पण आवाज येऊ लागल्यावर आपण फसलो एवढं त्याला कळलंच असणार, आणि मग त्याने गाडी सोडून बस धरली. मारेगावच्या ग्रेडरला जुन्या गाडीत फसवलं, आणि तेही कापूस भरून, हे त्या शेतकऱ्यांसमोर उघडं पडलं असतं तर संध्याकाळपर्यंत प्रत्येक खरेदी केंद्रावर पोचलं असतं. दुसऱ्या दिवशी एखाद्या गाडीत हात घालताना लोक त्याच्या तोंडावर हसले असते. खातो म्हणून बोललेलं त्याला चाललं, हे नाही चाललं. मला त्याचा राग आला. तो गेल्यापासून पहिल्यांदाच आला.

पण माझा स्वभाव असा की एवढ्यावर मी थांबू शकले नाही. समजा, जिनिंगवाल्याने गाडी दुसऱ्याच कोणाला विकायची म्हणून भरून, रंगवून ठेवली असेल आणि मग ती अरविंदला फुकट दिली असेल तर? रात्री लॉजवर हाच विचार चालू होता. वही-पावती काही नव्हती. त्या भागात असे व्यवहार तोंडीच होतात. सकाळी मी बसस्थानकाजवळच्या फोनवर गेले आणि सुनंदाला विचारलं, गाडी पहिल्यांदा घरी आणली तेव्हा तिचा रंग जुना होता की नवा.

"हे काय विचारता, ताई?"

"सांग तर."

"ओला होता," ती म्हणाली. "बाहीला लागला होता त्यांच्या. म्हणाले, घाई केली, माझ्यासमोरच रंगवून घेतली. मी रॉकेल लावून किती चोळलं, निघाला नाही. तो सदरा मग त्यांनी कापूस बघायला जाताना घातला."

त्याच्यासमोर रंगवली होती. म्हणजे भरलं होतं त्याच्याआधी, आणि नट उघडल्याची खूण झाकणारा रंग मुद्दाम त्याच्यासाठीच दिला होता. आणि तो तिथेच उभा राहून खालून वर चढणारा रंग बघत होता, समाधानाने बघत असणार. मी सुनंदाला सगळं सांगितलं. जसं पाहिलं तसं, क्रमाने, माझे संशयही न गाळता.

"मला तरी सांगायचं," ती शेवटी म्हणाली. आवाज रडवेला नव्हता, चिडलेला होता. "मी हसले असते का?"

ती हसली असती असं मला वाटतं. मीही हसले असते.

"विकली का गाडी?"

"नाही."

"नका विकू."

मी गॅरेजवर परतले तेव्हा सुखदेवने दुसरं क्राउन-पिनियन आणून ठेवलं होतं. मोठं दातेरी चाक आणि त्यात फिरणारं लहान, अशी ती जोडी, एका अपघाती गाडीतून काढलेली. सुखदेवच्याच बढाईतून आदल्या दिवशी मला कळलं होतं की ही दोन्ही एकमेकांवर घासून तयार केलेली असतात आणि दोघांवर एकच आकडा कोरलेला असतो. मी चष्मा काढून, पुसून, दोन्हींवरचे आकडे वाचले. ते वेगळे होते.

"चालून जाते बाई," सुखदेव म्हणाला.

"पुन्हा आवाज आला की त्यात काय भरायचं?"

गजानन तोंड फिरवून हसला. सुखदेवही हसला, अगदी निर्लज्जपणे, आणि संध्याकाळपर्यंत कुठूनतरी खरी जोडी घेऊन आला. त्याच्याबद्दलचं माझं मत मी बदललेलं नाही. काम मात्र त्याने चांगलं केलं. दातांना शेंदूर आणि तेल लावून, चाक फिरवून, शेंदूर कुठे पुसला जातो ते पाहत त्याने ते चारचारदा उघडलं आणि बसवलं. निघताना त्याने तो धुतलेला पुंजका कागदात बांधून माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "ठेवता का?" मी नको म्हटलं.

नेरवरून अमरावती

गजाननला मी अमरावतीपर्यंत येण्याबद्दल विचारलं. त्याने लगेच हो म्हटलं आणि मला पुन्हा संशय आला. यवतमाळ ओलांडल्यावर कळलं की त्याची सासुरवाडी नेरला आहे. तिथे त्याने गाडी घराच्या अगदी दारात नेऊन लावली, हॉर्न वाजवला, आणि सासूने आम्हा दोघांना तव्यावरून थेट पोळी वाढली. इथल्या पोळीच्या घड्या आमच्यापेक्षा वेगळ्या असतात. मी कशा ते बघत होते, तर त्या म्हणाल्या, "बाई, थंडी होऊन राह्यली." मी जेवले.

नेरच्या बाजाराबाहेरही कापसाच्या गाड्यांची रांग होती. रांगेतल्या एकाने आमच्या गाडीकडे पाहून शेजाऱ्याला काहीतरी सांगितलं. आमच्याबद्दलच असेल असं नाही. मी काच वर केली. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा खाली केली.

अमरावतीला पोचलो तेव्हा ऊन होतं. सुनंदा फाटकाशी उभी होती, फाटकाची दोन्ही दारं उघडलेली. तिने गाडीला एक फेरी घातली. हात लावला नाही. नटबोल्टांवरचे माझे पांढरे आकडे दिसले असते तर ती हसली असती, पण ते सगळे खाली होते. मुली शाळेत गेल्या होत्या. मी ट्रंका उतरवायला लागले.

"राहू द्या ते," सुनंदा म्हणाली. तिने पुढचं डावीकडचं दार उघडलं, पदर सावरून आत बसली आणि दार लावून घेतलं. दोन वर्षांत ती त्या गाडीत एकदाही बसली नव्हती. गजानन चहाची वाट बघत ओट्यावर टेकला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, तेव्हा तो उठून गाडीत बसला. मी मागे, गादीच्या वळकटीला टेकून.

"कुठं घेऊ जी?" त्याने विचारलं.

"कॉलनीतून घ्या," सुनंदा म्हणाली. "मग बाजार समितीच्या रस्त्यानं. त्यांच्या खात्यातले सगळे तिकडेच राहतात." तिने काच पूर्ण खाली केली. "आणि हळू चालवा. सगळ्यांना दिसली पाहिजे."